दुसऱ्याचा नांगर

लेरोस सुटल्यापासून आम्ही बोललेलो नाही.
तशी गरजही नव्हती. वारा पाठीशी,
शीड भरलेलं, आणि आर्गिरिस सुकाणूवर
वडलांसारखाच, एक पाय दुमडून.

कावालातलं घर विकलं तेव्हा वाटणी झाली.
पैसे अर्धे अर्धे. भांडी मला, घड्याळ त्याला.
होडीचे मात्र दोन तुकडे करता येईनात.
म्हणून दर ऑगस्टात तीन आठवडे
नऊ मीटर लाकडावर आम्ही दोघं,
आणि होडी, जी आमच्या वाटचंही कुरकुरते.

दुपारी मेल्तेमी उठला.
आभाळात ढगाचा ठिपका नाही
आणि समुद्र पांढराफटक.
हा वारा असाच,
तोंडावर हसू, मुठीत धोंडा.

पहिल्या खाडीत चार यॉटी, एकीवर गाणी. जागा नाही.
दुसरीत नकाशावर वाळू लिहिलेली,
वाकून पाहिलं तर गवत, काळंभोर, मोकळ्या केसांसारखं.
गवतावर नांगर टाकू नये:
तो धरत नाही, आणि उपटलेलं गवत
आपल्या हयातीत परत येत नाही.
आई दोन्ही कारणं एका दमात सांगायची.
तिसऱ्या खाडीला नाव नव्हतं.

मी नाळेवर, तो मागे.
मूठ मिटली की थांब.
तळहात मागे वळला की मागे घे.
एक बोट खाली: सोड.
एवढी भाषा आमच्यात शाबूत आहे.
तिची वाटणी करायचं
वकिलाला सुचलं नाही.

पाच वाव पाणी, पंचवीस वाव साखळी.
खडखडत गेली, ताणली,
आणि तळपायांना ती थरथर कळली:
धरलं नाही.
खाली नांगर नांगरत चालला होता,
वाळूत सरळ तास ओढत,
ज्यात कुणी काही पेरणार नव्हतं.

मग झटका.
होडी वळली, वाऱ्याला तोंड देऊन उभी राहिली.
काठावरच्या दोन खुणा धरल्या,
चुन्याचं चॅपल आणि त्यामागचं अंजिराचं झाड.
आळीपाळीनं रात्रभर पाहिलं.
अंजीर चॅपलच्या मागेच राहिलं.
दोन वाजता तो वर आला, हातात कप दिला.
कॉफीत साखर नव्हती.
मी साखर कधी सोडली, हे त्याला कुणी सांगितलं?

सकाळी नांगर वर येईना.
दोघांनी ओढला, तळहाताची सालं गेली.
आला तो एकटा नाही:
फाळात गुंतलेला दुसरा,
गंजका, शिंपल्यांनी मढलेला, एक पंजा मोडका,
कडीत दोराचा तुकडा.
कापलेला. तुटलेला नव्हे.

थेमेलिस पलीकडे जाळं उचलत होता.
वल्हवत आला, बराच वेळ बघत राहिला.
"सासऱ्याचा आहे. एका रात्री कोयत्यानं दोर कापून
भर समुद्रात पळाला होता म्हातारा.
नांगर गेला, माणूस वाचला.
सासू मरेपर्यंत नांगराची किंमत सांगायची."

घेऊन जा मग, आर्गिरिस म्हणाला, तुमचाच आहे.
थेमेलिसनं हनुवटी वर उचलली, च्च केलं;
इकडे नाही म्हणतात ते असं.
"परत टाका. तिथंच.
दोन जाळी फाटली त्याच्यावर,
तेव्हा कुठे मला त्याची जागा कळली.
हलवलात तर
उद्या परत शोधत बसू?"

सोडला.
बुडबुडे आले, थोडा गंज आला,
मग पाणी जसं होतं तसं.

"साखळी बदलायला हवी," आर्गिरिस म्हणाला.
"किती लागतील?" मी विचारलं.
"अर्धे," म्हणाला,
आणि इंजिन सुरू करायला खाली वाकला.