मनगटाच्या खाली

व्हिडिओत माह्ये फक्त हात दिसते.
खाली काठवट, काठवटीत कणीक.
मनगटाच्या वर मी कुठंच नाई.

सलोनीले पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं,
पोरी, मोबाईल परातीएवढाच धर.
कॅलेंडर नको, त्यावर दुकानाचा पत्ता हाय.
पाण्याची टाकी नको, तिच्यावर गावाचं नाव रंगवलंय.
शेजारीण मले नावानं हाक मारते,
तिचं पाणी भरून झालं का मंग चालू कर.

एक लाख तेरा हजार लोकं मले ताई म्हणते.
कोणी विचारते, गाव कोणतं?
सलोनी लिहिते: चुलीपुढचं.
कोणी विचारते, भाऊजी काय करते?
त्याले नुसता लाल बदाम.
दिग्रसले एक माणूस हाय,
त्याच्याही मोबाईलात माह्ये रोडगे भाजत असतीन.
पाहू दे त्याले पोटभर.
वास पोचत नाई तिथवर,
अन् वाट बी नाई.

बाजाराच्या दिवशी आर्णीले
चिंच घेऊन राहिली होती.
तराजूकडं हात केला,
अन् बाजूच्या पोरीनं तोंडाकडं न पाहता
मनगटाकडं पाह्यलं.
तिथं गोंदणाची तुळस हाय
अन् तिच्या बुडाशी एक ठिपका जास्तीचा.
आठ वर्षांची होती मी, पाय झाडत होती,
गोंदणारीचा हात हलला.

"सरगुंडेवाल्या ताई?"

मी हात पदरात घेतला.
तोंड उघडंच राह्यलं, तोंड कोण ओळखते?
"नाई वं माय, असं गोंदण लय बायांचं असते."
माहा आवाज आयकला
अन् तिले उरलंसुरलं बी समजलं.

मोबाईल तिच्या हातातच होता.
तिनं तो पर्समधी टाकला, चेन लावली,
अन् हळूच म्हणते,
"माह्ये सरगुंडे काडीवरून निसटतेच.
कणीक किती घट्ट?"
मी सांगितलं, कानात सांगावं तसं.
निघताना तिनं नाव नाई विचारलं.

रातच्याले बल्बाखाली मनगट धरून पाह्यलं.
पाय झाडणाऱ्या त्या पोरीचा ठिपका
एवढ्या लोकाइच्या ओळखीचा झाला होता,
मीच त्याले विसरली होती.

आता चालू करायच्या आधी
हात पिठात घालते, मनगटाच्या वर चार बोटं.
सलोनी म्हणते, "काकू, एवढं पीठ काऊन?"
"कणीक चिकटते," म्हणते मी.

झालं का मोरीवर जाते.
पाणी टाकलं का आधी तुळस निघते,
मंग तो ठिपका.