तिसरी हाक

दुसरा भाग आम्ही मोजत नाही.
त्यात त्या प्राण्याला आई होती, कारखाना होता,
शेवटी हेलिकॉप्टर.
हरेश्वर मढवी मध्यंतरात अर्धा समोसा टाकून उठला
आणि वाशीहून ऐरोलीला चालत गेला,
इतका राग.

पहिला भाग पाहिला तेव्हा अकरावीत होतो.
दिवा कोळीवाड्यात, त्याच्या काकांच्या जाळ्यांच्या खोलीत,
दहा रुपये भाड्याची सीडी.
समुद्रतळाशी एक केंद्र, सात माणसं,
भिंतीपलीकडे काहीतरी
जे आधी ऐकतं
आणि मग ऐकलेलं परत बोलतं.
बस्स, एवढंच.
सत्तावन्नाव्या मिनिटाला सीडी अडकली.
दाराबाहेर मेलेली बायको, आत इंजिनिअर, हात कडीवर,
आणि ती: भिजलेय मी, उघड ना,
भिजलेय मी, भिजलेय मी, भिजलेय मी –
शर्टाने पुसून लावली तरी तिथेच.
दिवा लावायला कुणी उठेना.
काकू सुकट निवडता निवडता म्हणाली, यान काय नवीन रं?
रात्री खाडीवरून हाक आली
तर तिसरीशिवाय ओ द्यायची नाही.
त्याला तिसरी मारता येत नाही.

त्याच रात्री हरेश्वरने गणिताच्या वहीच्या मागे लिहिलं,
पुढचा भाग काढलाच तर:
तो अर्ध्याहून जास्त दिसता कामा नये.
कसा, कुठून, हे कुणी शास्त्रज्ञ फळ्यावर सांगणार नाही.
वाचलेली बाई परत आली तर शहाणी होऊन यावी,
आणि तिच्या शहाणपणाचा उपयोग होऊ नये.
नियम मोडायचा नाही, वाढवायचा.
(याखाली दोन रेघा.)
मला बंदुका हव्या होत्या. भांडलो.
सोळाव्या वर्षी सगळ्यांनाच हव्या असतात.

हरेश्वर गेल्या मार्चमध्ये गेला. पामबीच रोड.
कसा, ते मी फळ्यावर सांगणार नाही.

तिसरा भाग लागला तो सीवूड्सच्या मॉलमध्ये,
रात्री पावणेअकरा.
शेजारच्या खुर्चीवर हेल्मेट ठेवलं.
मागे दहावी-बारावीची पोरं, त्यांना सगळं पाठ,
आणि पडद्यावर जेव्हा ती कडी आली,
तीच कडी, फक्त वीस वर्षांचा गंज चढलेली,
तेव्हा अख्ख्या थिएटरच्या घशातून
भातात खडा लागल्यासारखा आवाज निघाला.
कुणीतरी जपून ठेवली होती ती कडी.
माझे डोळे तिथेच भरले, भीती नंतर.

आणि या वेळी ते बोलतच नाही.
तासभर गप्प.
मग माणसंच येतात, एकेक, चोरून,
भिंतीला ओठ लावून
आपल्या मेलेल्यांसारखं बोलून दाखवतात,
त्याने शिकावं म्हणून.
शहाणी बाईसुद्धा येते. तीच आधी येते.
खिशात जुनी टेप.

वहीत हे नव्हतं, हरेश्वर.
तुला सुचलं नसतं, मलाही नाही.
पहिल्या भागाच्या वेळी
आपलं कुणी मेलेलं नव्हतं.

एक पोरगा बाहेर पडताना म्हणाला, स्लो होता यार,
दुसऱ्याने त्याच्या पाठीत गुद्दा घातला.
बरं वाटलं.

तळघरातल्या पार्किंगमध्ये रेंज नव्हती,
पण जुने निरोप तसेही फोनमध्येच असतात.
चौदा सेकंद.
‘अरे खाली उभाय मी, गेटवर,
ये ना लवकर, डास चावतायत.’

दोनदा ऐकलं.
मग हेल्मेट घातलं.