पाकीट

जांभळी नाक्यावर, छत्रीवाल्याच्या पुढचं दुकान.
सदाफुले पाकीट उघडून दाखवत नाहीत आधी,
अंगठ्यानं दाबतात.
सुरकुती उमटली, हळूहळू विरली, तर चामडं.
नाहीतर रेक्झिनच, साहेब, वास कितीही मारा.
कड बघा. रंगानं लिंपलेली नको.

जुनं मी काउंटरवर ठेवलं.
सतरा वर्षं डाव्या बुडाखाली दबून
होडीसारखं वाकलेलं.
नौपाड्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडे धरला नि म्हणाले,
मणका ठीक आहे. पाकीट काढा.

आतून निघाली
अक्षरं उडालेली बिलं,
बुडालेल्या पतपेढीचं कार्ड,
नलूचा पासपोर्ट फोटो, एक कान कापला गेलेला,
आणि एक किल्ली. कुलूप आठवेना.

नव्यात कप्पे तीनच.
एवढं मावायचं नाही, मी म्हणालो.
म्हणून तर हे घ्या.

पैसे दिले मोबाइलनं.
सदाफुले हसले,
गल्ल्यातला एक रुपया आत सारला.
रिकामं देत नाही आम्ही.

आता ते पुढच्या खिशात, फोटोसकट.
मासुंद्याच्या कट्ट्यावर बसलोय, मुठीत किल्ली.
कंबर सरळ.
डावीकडे तेवढं
खचल्यासारखं वाटतंय.