तिसरी ओळ

अजूनही कुणी ना कुणी चिठ्ठी घेऊन येतं माझ्याकडं.
घडीवर फाटलेली, हळद लागलेली,
पत्र्याच्या डब्यात रेशनकार्डाखाली राहून गेलेली.
हबीबभाई, बघा बरं,
आमच्या आईला कोटगीरे डॉक्टरनं काय दिलं होतं?
ते औषध आता मिळत नाही, कंपनी बुडाली,
आई तर शहाण्णवलाच गेली.
तरी मी चष्मा पुसतो आणि वाचून दाखवतो.

अक्षर कसलं,
शाईत पडून वाचलेल्या मुंगीची वाट.
सगळ्या देगलूरात ते दोघांनाच लागायचं,
मला आणि त्यांना.
त्यांना दुसऱ्या दिवशी लागेलच असंही नाही.

पहिली ओळ औषधाची.
दुसरी, किती वेळा.
तिसरी माझ्यासाठी.

पैसे घेऊ नको, असं त्यांनी कधी लिहिलं नाही.
लिहायचे: सुट्टे नाहीत म्हण.
लिहायचे: उपाशी आहे, सांगणार नाही. आधी चहा पाज, मग डोस.
हिच्या गोळ्या सासूच्या हातात देऊ नको.
हा नुसता घाबरलाय. लाल पाणी दे, गोड कर.
मी बाटलीवर खाचांची पट्टी डकवायचो
आणि चेहरा कोरा ठेवायचो.
कंपाउंडरकीत तेच अवघड,
मिक्श्चर कुणीही हलवतं.

कुठं दुखतं, हे ते चार भाषांत विचारायचे.
मदनूरच्या म्हाताऱ्याला, एक्कड नोप्पी?
औरादच्या बाईला, एल्लि नोवु?
आमच्या गल्लीत, कां दुखता अम्मा?
उत्तर कुठल्याही भाषेत येवो,
बोट बहुतेक वेळा पोटावरच असायचं.

देवमाणूस म्हणतात लोक. म्हणू देत.
दुपारी दोन ते चार दार वाजवलं
तर आतून शिव्या यायच्या, त्याही चारी भाषांतल्या निवडक.
रमीत हरले की संध्याकाळच्या पहिल्या पाच जणांना
सुई जरा जोरात बसायची.
माईंशी आठ-आठ दिवस अबोला.
तेव्हा वरच्या मजल्यावर चिठ्ठ्या मीच न्यायचो,
त्यात औषध नसायचं.

आणि हाणेगावची गोदावरी. वय सात.
पावसाळा संपत आलेला, लाईट गेलेली, ती शेवटची.
ताप बघितला, छाती बघितली.
घसा राहिला.
तिसऱ्या दिवशी बाप एकटाच आला
आणि उरलेलं औषध टेबलावर ठेवून गेला.
बाटलीच्या पट्टीवर चार खाचा शिल्लक होत्या.
तिच्या चिठ्ठीवर तिसरी ओळ नव्हती,
हे मला ठाऊक होतं, त्यांनाही होतं,
आम्ही कधी बोललो नाही.

त्यानंतर एकतीस वर्षं
पायात काटा मोडून आलेल्यालाही ते म्हणायचे,
आ कर.
बोट कापलं? आ कर.
सर्टिफिकेट पाहिजे? आ कर आधी.
बॅटरी घेऊन वाकायचे, वेळ लावायचे.
गाव हसायचं. पोरं डॉक्टर-डॉक्टर खेळताना
जबडा दुखेस्तोवर आ करून बसायची.

आता तिथं मोबाईलचं दुकान आहे.
लेकरं तोलायचा काटा भंगारात गेला, किलोवर.
ऑटोवाले मात्र अजून ओरडतात,
कोटगीरे दवाखाना, कोटगीरे दवाखाना,
आणि माणसं तिथं उतरतात,
चार्जर घ्यायला.

मागच्या महिन्यात गुडघा धरला म्हणून
सरकारी दवाखान्यात गेलो.
नवीन डॉक्टरीणबाई, लहान पोरगी, लातूरकडची.
तिची चिठ्ठी मशीनमधून निघते,
चौथीतलं पोरगंही वाचेल इतकी स्वच्छ.
मी खाली, मागे, उलटून बघितली.
सवय.

तिनं स्टूल दाखवलं. मी बसलो.
आजोबा, तोंड का उघडलंत? गुडघा दुखतो ना?
मी मान हलवली.
ती म्हणाली, इथली म्हातारी माणसं सगळी असंच करतात,
मला अजून कळलं नाही का.
मग तिनं खिशातून बॅटरी काढली.