अर्धा नंबर मोठा

मंडी बाजारात मुजीबभाईंच्या दुकानात
मी बुटात अंगठा दाबून बघते,
सुजलेल्या घोट्यावर दाबतात तसा:
खळगा किती खोल पडतो,
किती वेळानं भरून येतो.

बावीस वर्षं सरकारी दवाखान्यात
प्लास्टर रूममध्ये आहे मी.
अंबाजोगाईचे घोटे मला तोंडपाठ.
कोण बांधावरून घसरलं, कोण एसटीच्या पायरीवरून,
कोण नुसतंच म्हणतं, "कट्ट झालं सिस्टर,
मग काय समजलंच नाही."
ओली पट्टी गुंडाळताना तळहाताला कळतं
माणूस कोणत्या पायावर भार टाकून जगत आलाय.

"हा घ्या बाई. गादी आहे, गादी.
ढगावर चालल्यावानी वाटंल."
ढगावर नाही पळायचं भाई,
बुट्टेनाथाच्या दरीकडं पळायचंय.
पहाटे साडेपाचला.
खाली काळा फत्तर, वर सुटा मुरूम,
दिवाळीनंतर कुसळं,
आणि उतारावर ते गोटे,
पंगतीत जागा मागितली की सरकतात ना माणसं,
तसे, पाय ठेवला की सरकणारे.

गादीवाला घालून दोन बोटं उंच झाले.
आरशात बरं दिसत होतं.
पण तेवढ्या उंचीवरून घोटा दुमडला
तर सोमवारी मीच माझी पेशंट.

दुसरा पातळ.
त्यातून दुकानाच्या फरशीची सांधसुद्धा कळली.
जमीन कळावी, खरंय.
पण एकावन्न वर्षांच्या गुडघ्याला
एकेक खडा नाव घेऊन कशाला सांगायचा?
काही बातम्या जरा मऊ होऊन पोचाव्यात.

तिसरा खोक्यात खाली, हळदीच्या रंगाचा.
तळाला खाचा,
ट्रॅक्टरच्या टायरच्या धाकट्या भावासारख्या.
दाबला. खळगा पडला, लगेच भरला.
टाचेपासून पंज्यापर्यंत उतार थोडाच.
"हा कुणी नेत नाही," मुजीबभाई म्हणाले,
"भरतीची पोरं काळाच मागतात."

गल्लीत नालीच्या कामाचा मुरूम पडला होता.
ओढणी कमरेला बांधली
आणि ढिगावर चढले, उतरले, परत चढले.
चहाच्या गाड्यावरून आवाज आला,
"सिस्टर, काय हरवलं काय?"
हरवलं काहीच नव्हतं.
उतरताना बोट पुढं आपटत होतं.
असं दरीपर्यंत पळाले
तर दोन्ही अंगठ्यांची नखं काळी.
अर्धा नंबर मोठा द्या भाई.

माळ्यावर मुजीबभाईंची शगुफ्ता चढली.
धुळीतून एक खोका खाली आला, मग तिचा प्रश्न:
"मावशी, तुम्ही पळता कामून?
मागं कोण लागतंय?"

मी नाडी बांधत होते.
खालून दुसऱ्या भोकात जरा ढिली, वर घट्ट.
दिवसभर मी लोकांना सांगते, हलू नका.
सहा आठवडे हलू नका.
पाय उशीवर ठेवा, हलू नका.
रात्री झोपेतही म्हणते, असं आमचे हे सांगतात.
म्हणून, म्हणाले मी.
तिला पटलं की नाही, ठाऊक नाही.
तिनं शिडीवरून स्वतःच्या चपलेकडं बघितलं.

आज पहाटे दरीच्या वळणावर
डाव्या पायाखाली काहीतरी रुतलं.
दुखलं नाही, नुसतं कळलं.
घरी मोरीपाशी बसून चिमट्यानं काढला:
बाभळीचा काटा, करंगळीच्या पेराएवढा,
सोलात शिरला, पण पायापर्यंत न पोचलेला.
टाकणार होते.
मग कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवला,
मुजीबभाईंना दाखवायला.
शगुफ्ताला विचारायलाही,
तिचा नंबर किती.