सहावा रॉकर

मडगावच्या मोठ्या गॅरेजात म्हणाले, इंजिन खोला, चाळीस हजार.
म्हणून रुझार घाबरून आमच्याकडे आला, कुडचड्याला.
काळी-पिवळी अँबेसेडर, वयाने माझ्याहून मोठी,
बॉनेटखाली टक टक टक,
कुणी अंगठीने दार वाजवत उभं असावं
आणि आत यायचं मात्र नसावं, तसं.

कायतान मेस्ताला ते ऐकू येत नव्हतं.
सत्तावीस वर्षं खाणीवरच्या डंपरांनी त्याचे कान खाल्ले.
हाक मारायची तर पुढ्यात जाऊन उभं राहावं लागतं.
मागे येणाऱ्या ट्रकपासून
दोनदा मीच त्याला ओढून बाजूला केलाय.

त्याने लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला.
टोक हेड कव्हरवर टेकवलं,
लाकडी मूठ दातांत धरली आणि डोळे मिटले,
जिभेवर ओस्त घेतल्यासारखे.
मी एकेका प्लगची वायर काढत गेलो.
खालचा ठोका असता
तर ठिणगी तुटल्यावर मऊ पडला असता.
हा पडला नाही.
"वयर," मेस्त दातांतूनच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन थंडगार,
कव्हर उतरवलं. ओळीने आठ रॉकर
काळ्या तेलात न्हालेले.
नऊची बेरीज मला पाठ होती:
आठवा पुरता दबला की पहिला मोकळा,
सातवा दबला की दुसरा.
रुझार हँडल फिरवत होता, मी पंधराची पात घालत होतो,
ओल्या वहीतून पान ओढावं
इतपतच ती अडत निघाली पाहिजे.
नट आवळले. कव्हर. स्टार्ट.
टक टक टक.

पुन्हा. तीच पात, तेच पंधरा.
पुन्हा टक.
तिसऱ्यांदा मी पातीलाच शिवी घातली.

मेस्ताने मला कोपराने सारलं.
पात घेतलीच नाही.
एकेक रॉकर बाजूला रेटून
त्याच्या तोंडावरून अंगठ्याचं नख ओढत गेला,
कालवं चाचपतात तसं, कुठे फट आहे बघत.
सहाव्यावर नख अडकलं.

खड्डा. मसुराएवढा.
व्हॉल्व्हच्या दांड्याने वर्षानुवर्षं
एकाच जागी मारून कोरलेला.
पात बिचारी सरळ. ती खड्ड्यावर पूल घालून पलीकडे जाते.
पुलावर पंधरा.
पुलाखाली किती, ते तिला विचारूच नये.
मी मात्र तीनदा विचारलं होतं.

शाफ्ट काढायचा तर हेडचे नट सुटतात,
आधी पाणी उतरवावं लागतं.
उतरवलं. तांबडंलाल.
"खाण बंद पडली," रुझार म्हणाला,
"पण माझ्या रेडिएटरात चालूच आहे."

तेलाच्या दगडावर मेस्ताने सहावा घासला,
दीड तास, मान वर न करता.
मधे एकदा उंडो चहात बुडवून खाल्ला
त्याच काळ्या बोटांनी.
मग सगळं परत जागेवर, हेडचे नट क्रमाने,
तिसरा दबला, सहावा मोकळा,
पात घातली, ओढली.
या वेळी ती जे म्हणाली ते खरं होतं.

गाडी सुरू झाली.
रुझारने मान तिरकी केली.
"अजून बारीक वाजतंय."
मी मेस्तासमोर उभा राहून त्याला ते सांगितलं.
"वाजूं दी!" तो ओरडला,
म्हणजे त्याच्या हिशेबाने हळूच बोलला.
"वाजता तो बंद जाता.
ओगी रावता, तो जळटा."

मजुरी सहाशे. गॅस्केटचे वेगळे.
रुझारने शंभर जास्त ठेवले, मेस्ताने परत दिले,
मी मधल्या मधे चहाला मागितले.

गाडी सावर्ड्याच्या पुलाकडे वळली,
खाली नदीत रिकाम्या बार्ज गंजत उभ्या.
बराच वेळ मला ऐकू येत होती
आठ जणांची ती एकसारखी बारीक कुजबुज.
मेस्त बाकावर बसून
ओठांना लागलेलं मुठीचं ग्रीस फडक्याने पुसत होता.
"गेली?" त्याने विचारलं.

त्याच्या पाठीमागूनच गेली होती.