डाव्या पायाचा अंगठा

चावला तेव्हा मी पंपाच्या खोलीत
पान्ह्यासाठी मागे हात घातला होता.
उजव्या मनगटावर दोन ठिपके,
पावतीवर कुणी घाईनं शिक्का मारावा तसे.

मिरबातहून सलालाला येताना, मुसल्लमच्या गाडीत
मी सांगत होतो की व्हॉल्व्ह बदलायला हवा,
आणि रस्त्यावरचा एकेक दिवा दोन-दोन होत गेला.
मग पापण्या उतरल्या, दुकानाच्या शटरसारख्या,
अर्ध्यात अडकल्या, मग पूर्ण.
जीभ तोंडात होती, पण माझी नव्हती.
शेवटचा शब्द "व्हॉल्व्ह". तोही "व्हॉ" एवढाच.

लोकांना वाटतं मी बेशुद्ध होतो.
घशात नळी गेली ती मला कळली.
यंत्र छातीत वारा भरत होतं, मिनिटाला चौदा, मी मोजले.
कुणीतरी पापणी उचलून विजेरी मारली,
उजेड थेट आत आला,
बाहुली त्याच्यासाठी जागची हलली नाही.
एक तरुण आवाज म्हणाला, मेंदू गेला बहुतेक.
घरी कळवायचं का?
मी म्हणालो, आहे मी.
खूप मोठ्यानं म्हणालो.
कवटीत घुमून ते माझ्याचकडे परत आलं.

रात्रपाळीला फिलोमिना आली, वसईची.
फायलीवरचं नाव वाचून मराठीत म्हणाली,
"पाटणे, नाग चावलेल्या माणसाला लगेच मेला म्हणत नसतात.
मी दोघं पाहिलेत, उठून चहा मागणारे.
ऐकू येत असेल तर काहीही हलवा.
घाई नाही."

बंद पडलेल्या शेताची लाइन तपासावी
तसा मी स्वतःतून फिरलो.
हा कॉक, तो कॉक, ओठ, बोटं,
मान तर दुसऱ्याच कुणाची,
कुठेच दाब नाही,
आणि अगदी टोकाला, डाव्या पायाच्या अंगठ्यात
ठिबक.

ती ओरडली नाही.
पांघरूण सारून म्हणाली, "पुन्हा."

डॉक्टर इद्रिस चपला घासत आले, मूळचे सुदानचे.
सीरमच्या दहा कुप्या आधीच गेल्या होत्या.
तिला समजावत होते की स्वतःला, कोण जाणे:
हे विष नस कापत नाही,
नस आणि स्नायू यांच्यामधल्या कुलपात जाऊन बसतं.
आपण इतक्या किल्ल्या टाकू की एखादी लागेलच.
आधी अट्रोपिन, नाहीतर हृदय मंदावेल,
मग निओस्टिग्मिन.

अर्ध्या तासानं उजवी पापणी रेघभर उघडली.
त्या रेघेत छत, छतावर ओलीचा डाग.
माझ्या मनात पहिला विचार आला तो असा:
वरची जोडणी कुठल्या गाढवानं केली?

चौथ्या दिवशी नळी निघाली.
तो तरुण डॉक्टर नजर चुकवत तक्ता भरत होता.
खरखरत्या आवाजात मी म्हणालो,
"घरी कळवू नका."

आता दोन महिने झाले.
मुसल्लमची आई लोबानची धुपाटी पुढे धरते,
मी रीतीप्रमाणे धूर दाढीकडे ओढून घेतो, मान हलवतो.
वास येत नाही.
लोबानचा नाही, वाळत घातलेल्या सार्डिनचाही नाही.
इद्रिस म्हणतात, क्वचित होतं असं,
का ते नीट माहीत नाही,
येईल परत. किंवा नाही.

काल पंपाच्या खोलीत डिझेल गळत होतं.
मुसल्लमच्या धाकटीनं दारातूनच नाक धरलं
तेव्हा मला कळलं.
मी आधी काठी आपटली,
मग वाकलो.